घरी पळतं, बाहेर अडतं

पत्र थोडक्यात:

या वेळचं पत्र कोकणातल्या एका निवृत्त जीवशास्त्र शिक्षिकेचं आहे, नाव-गाव अर्थातच देत नाही. गेली तीन वर्षं त्या देवरायांवर स्लाइड शोसकट व्याख्यान देतात. शाळा, वाचनालयं, महिला मंडळं, मानधन बहुतेक ठिकाणी शाल आणि नारळ. ५८ स्लाइड, ११ व्हिडिओ, पक्ष्यांचे आवाज, सगळं स्वतः फिरून जमवलेलं, आणि घरच्या विंडोज लॅपटॉपवर विनातक्रार चालणारं. गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या वाचनालयात त्या पेनड्राइव्ह घेऊन गेल्या, तिथल्या एका कार्यकर्त्याने स्वतःचं मॅकबुक लावून दिलं आणि सगळंच फिसकटलं. मराठी मथळ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी (खालचा मजकूर मात्र बरा होता), चार व्हिडिओंच्या जागी काळे चौकोन, आवाज गायब, फोटोतली माणसं आडवी फुगलेली. त्याआधी एका शाळेत लिनक्सचा (विंडोज, मॅकसारखीच आणखी एक प्रणाली) कॉम्प्युटर होता, तिथे तर एकही व्हिडिओ लागला नव्हता. पुण्याचा भाचा म्हणतो मावशी तू मॅकच घे. वाचनालयवाले म्हणतात सगळं गुगल स्लाइड्सवर टाका. बाईंचा प्रश्न असा: "ग्रॅच्युइटीतून ८० हजार काढायची तयारी आहे. असा कुठला लॅपटॉप घेऊ की प्रेझेंटेशन सगळीकडे चालेल? की या वयात हा नादच सोडून द्यावा?"

ताई, नमस्कार.

आधी एक करा, ते ८० हजार जिथे आहेत तिथेच राहू द्या, निदान हे वाचून होईपर्यंत तरी. कारण तुमच्या पत्रात एक गंमत आहे बघा. तुमच्या लॅपटॉपवर सगळं चालतंय. बिघडलं ते दुसऱ्याच्या मशिनवर. मग तुम्ही स्वतःसाठी आणखी एक मशिन घेतलंत तर त्याने वाचनालयातलं मॅकबुक किंवा शाळेतला तो पीसी कसा काय सुधारणार? नवा लॅपटॉप तेव्हाच कामाचा जेव्हा तुम्ही तो दरवेळी सोबत नेणार आणि प्रोजेक्टरला तोच जोडणार. आणि तसंच करायचं असेल तर आत्ताचा पण नेता येतोच की. तुम्ही लिहिलंय तो जड आहे, एसटीने जायचं असतं, कंबर धरते, म्हणून नुसता पेनड्राइव्ह नेता. अगदी पटलं. पण मग प्रश्न वजनाचा झाला, मॅक की विंडोज हा नाही झाला.

वयाचं म्हणाल तर ते मधे आणूच नका. मी गेली कित्येक वर्षं हौस म्हणून कार्यक्रमांना प्रोजेक्टर आणि साउंड सांभाळायचं काम करतोय आणि काळ्या चौकोनाकडे बघत "घरी चालत होतं हो" असं म्हणणारे लोक मी सगळ्या वयाचे पाहिलेत, त्यात आयटीत मोठ्या पगारावर असलेले पण आले, डॉक्टर आले, आणि एकदा तर मी स्वतःच होतो. ते पुढे सांगतो.

मला वाटतं खरी गडबड एका समजुतीत आहे आणि ती जवळपास सगळ्यांचीच असते, की पीपीटीची फाइल म्हणजे अख्खा कार्यक्रम, ती कॉपी केली की कार्यक्रम कॉपी झाला. तसं नसतं. परगावच्या लग्नाला जाणारा आचारी नुसती कृतीची वही घेऊन गेला तर काय होईल? कढया, शेगडी, मसाले सगळं तिथलं. वहीत गोडा मसाला लिहिलाय आणि त्या घरात तो नाहीच, तर मिळेल ते तिखट घालून आमटी होणार. तुमच्या मशिनवर जे फॉन्ट आहेत, व्हिडिओ उलगडायची जी सोय आहे, आवाज कुठून बाहेर पडायचा याची जी सेटिंग आहे, ती फाइलबरोबर पेनड्राइव्हवर चढत नाही. ती घरीच राहते. म्हणून घरी कधीच बिघडत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक गमतीचा प्रयोग आहे. तुमच्या फाइलची एक कॉपी करा (कॉपीच, मूळ फाइलला हात नको), नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स खोडून तिथे झिप लिहा, विंडोज थोडी कुरकुर करेल, हो म्हणा, आणि उघडा. शेवटचं पीपीटीएक्स दिसतच नसेल तर फोल्डरच्या व्ह्यूमधून फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा म्हणजे दिसेल. ऑफिस २००७ पासूनच्या या फाइली म्हणजे खरं तर एक बांधलेलं गाठोडंच असतं. आत पीपीटी नावाचा फोल्डर, त्यात मीडिया नावाचा फोल्डर, त्यात तुमचे फोटो आणि व्हिडिओ. आता त्या मीडियात ११ व्हिडिओ मोजा. जेवढे सापडतील तेवढेच तुमच्यासोबत प्रवास करतायत. जो सापडला नाही तो लिंक केलेला आहे, म्हणजे फाइलमध्ये फक्त त्याचा पत्ता आहे, आणि तो पत्ता तुमच्या घरच्या डी ड्राइव्हचा आहे. (फाइल अजून जुन्या पीपीटी प्रकारात असेल तर हा प्रयोग चालणार नाही, आधी सेव्ह ॲज करून पीपीटीएक्स करून घ्या.)

माझी फजिती हीच. २००९ साली एका कॉलेजात किल्ल्यांवर बोलायला गेलो होतो, पीपीटी पॉवरपॉइंटच्या २००७ च्या आवृत्तीत केलेली, तेव्हा व्हिडिओ टाकला की तो नेहमी लिंकच व्हायचा, आत जायचाच नाही, आणि मला हे ठाऊक नव्हतं. फाइल नेली, व्हिडिओंचा फोल्डर घरी. दोनशे पोरं समोर, मी क्लिक करतोय, काही होत नाही, मागून एक जण ओरडला "सर, ट्रेलर तरी दाखवा". २०१० च्या आवृत्तीपासून व्हिडिओ आपोआप आत जायला लागला, पण इन्सर्टच्या बटणाशेजारी जो छोटा बाण असतो त्यात लिंक टू फाइल अजूनही आहे आणि जुन्या फाइलीवरून पुढे वाढवलेल्या प्रेझेंटेशनमध्ये जुन्या लिंका तशाच राहतात. तुमची मूळ फाइल शाळेत असताना २००८ ला सुरू केलेली आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून एवढं सांगितलं.

आता मथळे. तुम्ही सहज लिहून गेलात की मथळे बिघडले पण खालचा मजकूर बरा होता, आणि मला तिथेच सगळं कळलं. मथळे जुन्या फॉन्टमधले आहेत, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या काळातले, ते शाळेच्या जुन्या फाइलीतून कॉपी होत आलेले. त्या फॉन्टमध्ये जे मराठी दिसतं ते कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं सोंग चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशिनवर सोंग उतरतं आणि खिचडी दिसते. खालचा मजकूर तुम्ही नंतर युनिकोडमध्ये टाइप केलेला, म्हणजे ज्यात मराठी अक्षर कॉम्प्युटरच्या लेखीही मराठीच असतं, त्यामुळे मॅकवर तुमचा फॉन्ट नसला तरी त्याने स्वतःचा दुसरा देवनागरी फॉन्ट लावला, अक्षराचं वळण बदललं असेल पण देवराई ही देवराईच राहिली. खात्री करायची असेल तर एखादा मथळा कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. तिथे मराठी आलं तर युनिकोड, खिचडी आली तर जुना.

यावर उपाय एकच, मथळे पुन्हा टाइप करणं. कन्व्हर्टर मिळतात, पण ते 'ऱ्या' आणि जोडाक्षरांची माती करतात आणि मग तुम्ही चष्मा लावून तेच तपासत बसणार, त्यापेक्षा ५८ मथळे म्हणजे दोन संध्याकाळचं काम आहे. फोनवर मराठी टाइप करायची सवय असेल तर फोनवर करा, स्वतःला पाठवा, लॅपटॉपवर चिकटवा. फॉन्ट कुठला? मंगल आणि निर्मला हे विंडोजसोबत येतात, मॅकवर किंवा लिनक्सवर ते असतीलच असं नाही. म्हणून मी मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी वापरतो. दोन्ही फुकट आहेत, खुल्या लायसन्सचे आहेत, त्यामुळे ते फाइलमध्ये घालायला किंवा दुसऱ्याच्या मशिनवर टाकायला कोणाची ना नसते. (मुक्ता मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा आहे, आपल्या ळ आणि श कडे प्रेमाने बघणारी माणसं आहेत ती.) मग फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल वर टिक करा म्हणजे मसाल्याची पुडी आचाऱ्याच्या पिशवीत गेली. पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्या मॅकवर पण तो फॉन्ट उचलतात, पण समोरच्याने फाइल कीनोट किंवा लिबर ऑफिस या पॉवरपॉइंटच्या पर्यायांत उघडली तर भरवसा धरू नका. म्हणून तोच फॉन्ट पेनड्राइव्हवर वेगळा पण ठेवा, आणि मजकुराची चौकट थोडी ऐसपैस ठेवा, अगदी काठोकाठ भरू नका, कारण दुसरा फॉन्ट लागला की तोच मजकूर रुंदीला जास्त होतो आणि शेवटची ओळ फोटोवर चढते.

व्हिडिओंचं थोडं खोलात सांगतो कारण मला येणाऱ्या पत्रांत निम्मी याचीच असतात. लोक म्हणतात "माझे सगळे एमपी४ आहेत, मग का नाही चालत". आपल्या स्वयंपाकघरात बोर्नव्हिटाच्या डब्यात डाळ असते आणि डाळीच्या डब्यात सुट्टे पैसे, तसं आहे हे. एमपी४, एमओव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावं. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय, म्हणजे कोडेक, ते वेगळं. आणि समोरच्या मशिनला डबा उघडता येऊन चालत नाही, आतलं ओळखता यायला लागतं. सगळीकडे ओळखलं जाणारं मिश्रण म्हणजे एमपी४ डबा, आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज. एच.२६४ ची पद्धत २००३ सालापासून आहे, त्यामुळे जुन्या पीसीपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. नवं नको, जुनं आणि सर्वांच्या ओळखीचं हवं, इथे फॅशन कामाची नाही.

तुमचे चार काळे चौकोन कुठले? तुम्ही लिहिलंय जुने व्हिडिओ मूव्ही मेकरमध्ये कापले होते. जुना मूव्ही मेकर डब्ल्यूएमव्ही फाइल बनवायचा, ती विंडोजच्या घरची पद्धत, मॅक ती आपणहून वाजवत नाही. (मूव्ही मेकर स्वतः पण २०१७ च्या जानेवारीत निवृत्त झाला.) माझी पैज आहे की चार चौकोन म्हणजे तेच. उलटी केस पण असते, ती इतर वाचकांसाठी सांगतो: आयफोनवर २०१७ पासून व्हिडिओ एचईव्हीसी या नव्या पद्धतीत साठवले जातात, जागा कमी लागते म्हणून, आणि ते मॅकवर झकास चालतात पण बऱ्याच विंडोज मशिनवर नुसता आवाज येतो किंवा तेही नाही. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कंपॅटिबल निवडलं की पुढचे व्हिडिओ तरी सुधारतात. तुमचा भाचा तुम्हाला शेकरूचे व्हिडिओ पाठवतो म्हणालात ना, त्याला एवढं सांगा.

आणि "व्हीएलसीमध्ये चालतोय म्हणजे ठीक आहे" असं समजू नका. व्हीएलसी हा व्हिडिओ बघायचा प्रोग्राम स्वतःचा सगळा मसाला बरोबर घेऊन हिंडतो, म्हणून त्यात काहीही चालतं. पॉवरपॉइंट मात्र मशिनच्या मसाल्यावर अवलंबून.

करायचं काय तर हँडब्रेक नावाचा फुकट प्रोग्राम घ्या, अकराच्या अकरा व्हिडिओ त्यात टाका, तयार सेटिंग असतात त्यातलं फास्ट १०८०पी३० किंवा फास्ट ७२०पी३० निवडा, रात्री लावून झोपा. वाचनालयातल्या प्रोजेक्टरला ७२० भरपूर झालं. सकाळी नवे व्हिडिओ प्रेझेंटेशनमध्ये जुन्यांच्या जागी टाका. तुमची ६४० एमबीची फाइल यातच बरीच उतरेल, आणि मग कॉम्प्रेस पिक्चर्स करून फोटो पण १५० पीपीआयवर आणा, प्रोजेक्टरला कॅमेऱ्याचे अख्खे फोटो नको असतात, ते फक्त स्लाइड बदलताना गचके देतात. मूळ व्हिडिओ आणि मूळ फोटो वेगळे जपून ठेवा मात्र. हे कळकळीने सांगतोय, कारण फ्लॅशमध्ये (ॲनिमेशनचं जुनं सॉफ्टवेअर) केलेले धडे आठवतात ना? ॲडोबीने २०२० च्या ३१ डिसेंबरला फ्लॅश बंद केलं आणि ज्यांच्याकडे मूळ चित्रं, मूळ आवाज वेगळे ठेवलेले नव्हते त्यांचे वर्षानुवर्षांचे धडे एका रात्रीत मुके झाले.

शाळेतल्या लिनक्सबद्दल एक. तुमच्या पत्रात "तिथे बिचारा लिनक्सच होता" असा सूर आहे. अहो, केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकवतायत, काही अडत नाही त्यांचं. अडलं ते एवढंच की तिथे तुमची फाइल लिबर ऑफिसने उघडली, आणि व्हिडिओसाठी लागणारी कोडेकची पॅकेजं त्या मशिनवर कोणी टाकलेली नव्हती. अशा ठिकाणी फाइलशी झटापट करायचीच नाही. स्लाइड पीडीएफमधून दाखवायच्या आणि व्हिडिओ शेजारच्या फोल्डरमधून व्हीएलसीत लावायचे. दोन खिडक्या उघड्या ठेवायच्या, बस. दिसायला थोडं कमी देखणं, पण पोरांना काय त्याचं.

आवाजाचं दुखणं बहुतेक वेळा फाइलचं नसतंच, वायरीचं असतं. निळ्या टोकाची जुनी व्हीजीए वायर असेल तर तिच्यातून फक्त चित्र जातं, आवाज जातच नाही, त्याला वेगळी वायर लागते. एचडीएमआय असेल तर उलट होतं, मशिन आपणहून आवाज प्रोजेक्टरकडे ढकलतं आणि प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर खिशातल्या रेडिओएवढा, किंवा नसतोच. तेव्हा आवाजाच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट कुठे जातंय ते बघायचं आणि हॉलच्या साउंडकडे वळवायचं. हेडफोनच्या भोकात जाणारी एक साधी लांब वायर स्वतःची ठेवा, शे-दीडशे रुपयांत मिळते, आणि माझ्या मते ती त्या ८० हजारांच्या लॅपटॉपपेक्षा जास्त वेळा तुमची अब्रू वाचवेल. ब्लूटूथ स्पीकर नेत असाल तर लक्षात ठेवा, तो मधे झोपी जातो आणि जागा होईपर्यंत पहिला अर्धा सेकंद गिळतो, धनेशाची साद असेल तर सुरुवातच गेली. काहीच जमलं नाही तर लॅपटॉपच्या स्पीकरजवळ माइक धरायचा, गावठी उपाय आहे पण मी तीनदा केलाय.

फुगलेली माणसं: ती तुमची चूक नाही. तुमच्या स्लाइड जुन्या ४:३ मापाच्या आहेत (२०१३ पासून पॉवरपॉइंटचं नेहमीचं माप १६:९ झालं) आणि प्रोजेक्टर ते चित्र पडदाभर ताणत होता. रिमोटवर ॲस्पेक्ट लिहिलेलं बटण असतं, ते दाबत राहा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या की झालं. पट्ट्या दिसल्या म्हणून कोणी उठून जात नाही.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले. भाच्याचा मॅक: पॉवरपॉइंट १९८७ साली मूळ मॅकवरच जन्मलं आणि विंडोजवर १९९० मध्ये आलं, त्यामुळे मॅकबद्दल माझं काही वाकडं नाही, पण मॅक घेतलात तर आज जे विंडोजकडून मॅककडे जाताना होतंय तेच मॅककडून विंडोजकडे जाताना होईल, आणि तुमच्या जिल्ह्यातल्या शाळांत विंडोजच जास्त. गुगल स्लाइड्स: शहरात, चांगल्या वायफायवर, साध्या स्लाइडसाठी उत्तम आहे. पण १०० एमबीच्या वरची पीपीटी ते स्लाइड्समध्ये घेत नाही, तुमची ६४० आहे, व्हिडिओ वेगळे ड्राइव्हवर चढवून जोडायला लागतील, आणि मग ऐन कार्यक्रमात देवराईच्या गावात रेंज शोधत कोण फिरणार? देवराई असते तिथे टॉवर नसतो, हे तुम्हाला मी काय सांगू.

एक पर्याय तुम्हाला कोणी सुचवला नाही तो म्हणजे अख्ख्या प्रेझेंटेशनचा एकच व्हिडिओ करणं. फाइल, एक्स्पोर्ट, क्रिएट अ व्हिडिओ. फॉन्ट, ॲनिमेशन, व्हिडिओ सगळं त्यात चितारून बसतं, मोडायला काही उरतच नाही, शाळांतल्या त्या मोठ्या टच पॅनेलवर पेनड्राइव्ह लावला तरी बहुतेक चालतं. नुसतं बटण दाबलंत तर प्रत्येक स्लाइड ५ सेकंद मिळते, म्हणून आधी वेळा ठरवून घ्या. पण मी हे तुम्हाला मुख्य म्हणून सांगणार नाही. ज्याला प्रदर्शनात कोपऱ्यात काहीतरी फिरतं ठेवायचंय त्याच्यासाठी ते छान. तुम्ही शिक्षिका आहात, कोणी हात वर केला की तुम्ही थांबता, मागे जाता, एखादी स्लाइड गाळता. व्हिडिओ तुम्हाला त्याच्या चालीने ओढत नेईल.

म्हणून पेनड्राइव्हवर तीन गोष्टी ठेवा: दुरुस्त केलेली पीपीटीएक्स, तिचीच पीडीएफ, आणि ११ व्हिडिओ आणि आवाजांचा फोल्डर, नावं रोमन अक्षरांत आणि पुढे स्लाइडचा नंबर, म्हणजे अंधारात शोधताना अडणार नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असू द्या, विंडोज आणि मॅक दोघांना चालतो. तिथे गेल्यावर पेनड्राइव्हवरूनच चालवू नका, आधी सगळं डेस्कटॉपवर कॉपी करा, स्वस्त पेनड्राइव्हवरून मोठा व्हिडिओ अडखळतो. वर पिवळी पट्टी दिसली तर एनेबल एडिटिंग दाबा. आणि व्हॉट्सॲपवर फाइल मागितली तर व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नुसता व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते त्याला पिळून पाठवतं.

संयोजकांना चार दिवस आधी एक मेसेज टाका. मी टाकतो तोच देतो, नाव बदलून वापरा, बाकीच्या वाचकांनी पण वापरा: "नमस्कार, कार्यक्रमासाठी कॉम्प्युटर आपला असेल की मी आणू? आपला असल्यास विंडोज, मॅक की लिनक्स आणि त्यात पॉवरपॉइंट आहे का? प्रोजेक्टरची वायर कोणती, आणि कॉम्प्युटरचा आवाज हॉलच्या स्पीकरला जातो का? शक्य असल्यास वायरींचा एक फोटो पाठवावा. मी अर्धा तास आधी येईन." फोटो मागा, नक्की मागा. "सगळी सोय आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय आणि इतक्यांदा एक्स्टेन्शन बोर्ड शोधत पळालोय की आता फोटो बघितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. अर्ध्या तासात पहिलं काम आवाज, दुसरं स्लाइड २३ वरचा शेकरू, तिसरं मराठी. बाकी नाही बघितलं तरी चालेल.

शेवटचं, तुम्ही लिहिलंय "प्रेझेंटेशन पडलं, त्यामुळे कार्यक्रम पडला". हे मला पटलं नाही. कारण दोन ओळी खाली तुम्हीच लिहिलंय की आवाज लागेना तेव्हा धनेश उडताना पंखांचा कसा आवाज होतो तो तुम्ही तोंडाने काढून दाखवला, वाफेच्या इंजिनासारखा, आणि नंतर तीन मुली मागे थांबून विचारत होत्या की आमच्या गावच्या राईत येतो का हो तो. आता मला सांगा, त्या तीन मुलींना काळे चौकोन आठवत असतील का? सगळ्या ११ व्हिडिओंची गरज आहे का हे पण या निमित्ताने एकदा बघा. मला विचाराल तर सहा ठेवा. जे तुम्हाला तोंडाने किंवा हाताने दाखवता येतं त्याला व्हिडिओ कशाला.

आणि हे सगळं झालं की एक रविवार पुण्याला जा. भाच्याच्या मॅकवर पेनड्राइव्ह लावा, त्याला बाजूला बसवा आणि पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत चालवून बघा, परक्या मशिनवरची तालीम म्हणून. जिथे अडेल ते कागदावर लिहून घ्या आणि घरी येऊन तेवढंच दुरुस्त करा. मॅक घे म्हणणारा तोच होता ना, त्याच्या मॅकचा एवढा उपयोग तरी होऊ दे. मग मला कळवा, ते चार चौकोन मूव्ही मेकरचेच निघाले का, माझी पैज लागलीय.